भरलेल्या खुर्च्या

"आमच्या धाकटीला परदेशी नोकरी आहे. खुर्च्या मांडायची," असं माझा थोरला भाऊ पाहुण्यांना सांगायचा आणि त्यांच्या आधी स्वतःच हसायचा. मला राग यायचा. पण तो फार चुकीचं बोलत नव्हता.

संस्थेचं मुख्य कार्यालय सातासमुद्रापार होतं. लहान मुलांचं पोषण हा तिचा विषय. तिचं नाव इतकं लांबलचक, की कर्जतच्या पोस्टमननं पहिल्या महिन्यातच ते वाचायचं सोडून दिलं. परदेशी तिकीट दिसलं की पाकीट आमच्याकडे टाकून तो पुढे जायचा. स्टेशनपासून जरा आत एका बंगल्याच्या खालच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. माझे वडील शाळामास्तर. इंग्रजी त्यांनी शाळेत शिकवलं आणि घरी आम्हालाही सोडलं नाही. त्यात मी शॉर्टहँड आणि टायपिंगच्या परीक्षा दिलेल्या. एवढ्या भांडवलावर मला तिथे घेतलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचे दिवस होते ते.

हुद्दा होता सभा सहायक. पाहुणे कुठे उतरणार, जीप कधी पाठवायची, विषयपत्रिकेचं स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइलवर प्रती काढायच्या, कुणाच्या शेजारी कोण बसेल, कुणाच्या चहात साखर नको, हे सगळं माझ्याकडे. मुख्य कार्यालयाच्या सूचना अशा, की टेबलावर फुलं असावीत पण समोरच्याचं तोंड झाकेल इतकी उंच नसावीत. आमच्याकडे झेंडू आणि तगर. त्यांची तोंड झाकण्याची ऐपत नव्हतीच. सभा संपली की इतिवृत्त लिहायचं. शहाणी माणसं तासन्‌तास एकमेकांचं न ऐकता बोलत आणि त्यांनी काय ठरवलं ते दुसऱ्या दिवशी मी त्यांना टाइप करून देत असे. ते वाचून सह्या करत. 'असे ठरले' हे शब्द कित्येकदा माझ्याच मशीनवर जन्माला आले आहेत. त्याचा मला गर्वही होता, कशाला खोटं बोलू.

खालापूरच्या बाजूला, कुंभिवलीच्या आतल्या अंगाला एक भातशेतीचं गाव आहे. गावापासून ओढा ओलांडला की त्याचीच एक वाडी. तिथे संस्थेनं एक वर्षाच्या बोलीवर बालवाडी काढून दिली होती. सकाळी मुलं यायची, त्यांना दूध आणि दुपारी खिचडी मिळायची, आणि संध्याकाळपर्यंत ती तिथेच राहायची. कागदोपत्री तो पोषणाचा कार्यक्रम होता. वाडीतल्या बायकांच्या दृष्टीनं मोठी गोष्ट वेगळीच होती. शेतावर जाताना पोर कुठे ठेवायचं हा प्रश्न सुटला होता.

बालवाडी चालवणारी त्याच वाडीची सून. सातवीपर्यंत शिकलेली, माझ्याच वयाची, उंच, हसताना तोंडावर पदर धरणारी. मुलं तिला बाई म्हणत, म्हणून हळूहळू सगळी वाडी तिला बाई म्हणू लागली. मीही इथे तिला बाईच म्हणते. महिन्यातून एकदा ती हजेरी द्यायला कर्जतला यायची आणि काम झालं की माझ्या टेबलाशी रेंगाळायची. टाइपरायटरवर माझी बोटं न बघता कशी चालतात याचं तिला भारी नवल. "ताई, तुमी तर आवनी लावल्यावानी हात चालवता," म्हणायची. मला ती आवडायची. मैत्रीण म्हणण्याइतकी जवळीक मात्र मी होऊ दिली नाही. ऑफिसातली मी आणि कार्यक्रमातली ती, हे अंतर मी जपून होते.

वर्ष संपत आलं तशी मुख्य कार्यालयातून तार आली. एक वरिष्ठ अधिकारी पाहणीला येणार होत्या. बालवाडी पुढे चालू ठेवायची की बंद करायची हे त्या ठरवणार होत्या. तारीख पडली ऐन आवणीच्या दिवसांत.

आवणी म्हणजे भाताची रोपं उपटून चिखलात लावायची. ती सावडीनं होते. आज सगळ्या बायका मिळून तुझ्या भातखाचरात, उद्या माझ्या. आज मी तुझ्याकडे आले नाही तर उद्या माझी रोपं तशीच पडून राहतील. आजारपण सोडलं तर सावड मोडायला दुसरं कुठलंही कारण चालत नाही. तारीख कळल्यावर बाई मुद्दाम कर्जतला आली.

"ताई, सभा गौरी-गनपतीनंतर नाय का हुनार?"

"नाही गं. त्या परदेशातून येणार. दुपारी त्यांना परत मुंबईला जाऊन विमान गाठायचंय."

"मंग सकाळची ठेवू नका. बारा वाजता ठेवा. आमी पहाटंच खाचरात उतरतो, बारापातूर सगळ्या येतो. माझा शबुद."

मी आमच्या ऑफिसच्या साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, बारा वाजता पाहुण्या गाडीत बसलेल्या असतील. मग एक वाक्य बोलले, ते मी अजून विसरले नाही: "रिकामी खुर्ची फोटोत सगळ्यात आधी दिसते." एवढंच. कुणाला बोलवा, कुणाला आणा, असं ते म्हणाले नाहीत. तेवढा शहाणपणा माझा.

बाईला मात्र मी सांगितलं, "या तुम्ही बारापर्यंत. मी सभा लांबवते." आणि घरी गेले ती डोक्यात रिकाम्या खुर्च्या घेऊन. मांडववाल्याला लोखंडी घडीच्या खुर्च्या सांगून झाल्या होत्या. ओढ्याअलीकडच्या त्या गावातल्या शाळेची लांब खोली, समोर टेबल, टेबलावर ती बुटकी फुलं आणि समोर खुर्च्यांच्या रिकाम्या रांगा.

वहिनी तांदूळ निवडत होती. कर्जतच्या महिला मंडळाची ती कार्यवाह. मी रडगाणं गायलं, तर ती म्हणाली, "वन्सं, एवढंच ना? आमच्या मंडळाच्या बायका येतील की. पावसाळी सहल होईल. टेंपोचं तेवढं बघा."

एवढं सोपं होतं ते. मला वाटलं, तिच्या पायाच पडावं.

सभेच्या दिवशी टेंपो शाळेच्या दारात थांबला तेव्हा पाऊस धरून होता. ओढ्याला पाणी आलं होतं, गाडी पलीकडे जाणार नव्हती, म्हणून साहेबांनी बालवाडीची प्रत्यक्ष भेट कार्यक्रमातून गाळली. म्हणजे आता पाहुण्या जे काही बघणार होत्या ते ह्याच खोलीत. हे मला तेव्हा कळलं होतं. पुढे काय होईल याची कल्पना नव्हती, असं म्हणण्याची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

मंडळाच्या बायका छत्र्या मिटून आत आल्या. नायलॉनच्या नव्या साड्या, केसांत अबोली, कुणाच्या हातात पर्स. खुर्च्या भरल्या. पाहुण्या आल्या तर सगळ्या एकदम उभ्या राहून नमस्कार करत्या झाल्या. साहेबांचा चेहरा खुलला. मला तर आकाश ठेंगणं झालं.

पाहुण्या पिकल्या केसांच्या, शांत, अगदी सभ्य बाई होत्या. त्यांना नावं ठेवायला मला जागा नाही, आणि त्याचंच मला कधी कधी वाईट वाटतं. त्या इंग्रजीत विचारत, मी मराठीत सांगे, बायका बोलल्या की मी उलटं करून सांगे.

"तुमची मुलं रोज दूध पितात का?"

"पितात तर. सकाळी एक पेला, रात्री झोपताना एक."

"वाचता कुणाकुणाला येतं?"

सगळ्यांचे हात वर. एकीनं तर आपण कोणकोणती मासिकं वाचतो तेही सांगितलं. वहिनीनं मोड आलेल्या नाचणीचं सत्त्व कसं करायचं ते इतकं बैजवार सांगितलं की पाहुण्यांनी ते लिहून घेतलं. मग मंडळानं एक गाणं म्हटलं. पाहुण्यांनी पायानं ताल धरला. कुणीही एक अक्षर खोटं बोललं नाही. विचारलं त्याची खरी खरी उत्तरं त्या देत होत्या. पाहुण्यांनी फक्त "तुम्ही कुठून आलात?" हे विचारलं नाही आणि मीही ते सांगितलं नाही.

त्या सभेत खोटं एकच बोललं गेलं. ते पुढे येतंय.

गाणं संपता संपता ओसरीवर खळबळ झाली. दाराकडे पाहिलं तर बाई. तिच्या मागे वाडीच्या बायका, डोक्यापाठीवर इरली, म्हणजे बांबू आणि पानांचे ते पावसाळी टोप, त्यांच्या कडांवरून पाणी गळत होतं. कासोटे वर खोचलेले, गुडघ्यापर्यंत चिखल. धावत आल्या होत्या. श्वास अजून बसले नव्हते. बारा वाजायचे होते. बाईनं आपला शब्द पाळला होता, उलट शब्दाच्या आधीच त्यांना घेऊन आली होती.

बाईनं आत पाहिलं. खुर्च्यांवरच्या बायका पाहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं. तिला काही उमगलं नव्हतं. तिला वाटलं, आणखी कुठल्या गावच्या बायकांनाही बोलावलं असेल. ती तोंडावर पदर धरून हसली आणि खुणेनं विचारलं, आत येऊ? मी हातानं सांगितलं, थांबा.

पाहुण्यांचंही लक्ष गेलं होतं. त्यांनी मला विचारलं, "या कोण?"

मला त्या क्षणी काय वाटलं ते आठवतं. भीती वाटली. ह्या आत आल्या तर खुर्च्यांवरच्या त्या कोण, असा प्रश्न येणार. साहेबांची नाचक्की, माझी नोकरी. आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, चक्क वैताग होता. सगळं इतकं देखणं जमून आलं असताना ह्यांनी चिखल घेऊन यावं, याचा वैताग. ज्यांच्यासाठी सभा होती त्यांचाच मला वैताग आला होता.

मी म्हणाले, "शेतमजूर बायका आहेत. पावसाच्या आडोशाला थांबल्यात."

इंग्रजीत म्हणाले. पाहुण्यांनी मान हलवली आणि ओसरीकडे वळून हात जोडले. वाडीच्या सगळ्या बायकांनी हात जोडले. कुणाकुणाच्या हाताचा चिखल कपाळाला लागला.

खोलीतल्या एकीला मात्र माझं इंग्रजी कळलं. वहिनी मॅट्रिक होती. तिनं वळून एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग मांडीवरच्या पर्सकडे बघत बसली.

थोड्याच वेळात पाहुण्यांची गाडी गेली. मी वाडीच्या बायकांना उरलेला चहा दिला, बिस्किटं दिली, नको इतकी गोड बोलले. बाईनं कपातला चहा बशीत ओतत विचारलं, "ताई, मडम आमच्याकडं बगून काय इचारत हुत्या?"

"पावसाचं विचारत होत्या. कसा आहे यंदा."

"आनि तुमी काय सांगितलंत?"

"चांगला आहे म्हटलं."

बायका खूश झाल्या. मडमनं त्यांच्या पावसाची चौकशी केली होती. एक म्हातारी म्हणाली, "मानूस चांगलं हाय गं." मग त्या घाईघाईनं इरली चढवून परत खाचराकडे गेल्या, कारण अर्धी सावड टाकून आल्या होत्या. टेंपो कर्जतला परतेपर्यंत मंडळाच्या बायका गात होत्या. वहिनी गात नव्हती.

करायला गेले गणपती, झाला मारुती, असं म्हणतात. पण ही म्हण वापरायचा मला हक्क नाही, कारण मी गणपती करायला बसलेच नव्हते. मी खुर्च्या भरायला बसले होते आणि त्या भरल्या.

काही आठवड्यांनी निर्णय आला. पाहुण्यांनी मनापासून लिहिलं होतं. ह्या भागातल्या स्त्रिया सुशिक्षित, आत्मविश्वासानं वागणाऱ्या आहेत. मुलांच्या आहाराची त्यांना उत्तम जाण आहे. तेव्हा आपली तुटपुंजी साधनं अधिक गरजू भागाकडे वळवावीत. शेवटी सभेच्या उत्कृष्ट व्यवस्थेबद्दल खास आभार. साहेबांनी ती शेवटची ओळ मला मोठ्यानं वाचून दाखवली.

मी त्याच दिवशी त्यांना सांगितलं. खुर्च्यांवरच्या बायका कर्जतच्या होत्या, वाडीच्या बायका ओसरीत उभ्या होत्या, आणि त्यांच्याबद्दल मी काय बोलले तेही. साहेबांनी चष्मा काढला.

"पहिल्या रांगेत तुमच्या वहिनी होत्या. त्यांच्या हातचा चहा मी तुमच्या घरी प्यायलो आहे. मला कळलं नसेल असं वाटलं का तुम्हाला?"

"मग आपण कळवू या ना. चूक झाली म्हणून."

त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "कळवा. सही तुमची करा. मला काही माहीत नव्हतं, असं मात्र लिहा."

मी कागद मशीनवर चढवला. दिनांक टाकला, मायना टाकला. पुढचं वाक्य मनात तयार होतं, पण बोटं, ती न बघता चालणारी बोटं, काही केल्या चालेनात. भाऊ काय म्हणेल, लोक काय म्हणतील, अशी कारणं मी तेव्हा जमवली. खरं कारण साधं होतं. मला माझी नोकरी फार आवडत होती. मी कागद काढला आणि बालवाडी बंद झाल्याचं मराठी पत्र टाइप करायला घेतलं. 'असे ठरले', हे शब्द त्यातही आले.

पुढचं वर्ष माझं बढतीचं गेलं. मोठ्या सभांना मला बोलावणी येऊ लागली. पुण्याला, एकदा तर दिल्लीला. 'व्यवस्था कशी असावी हे ह्यांच्याकडून शिका,' असं साहेब नव्या लोकांना सांगत. मी मात्र तिरसट झाले होते. मांडववाल्याच्या अंगावर जायची, शिपायाला टाकून बोलायची. दोष वाटून टाकायच्या बाबतीत मी मोठी उदार होते. तार करणाऱ्यांचा दोष, साहेबांचा दोष, ओढ्याचा, आवणीचा, वहिनीचासुद्धा. सगळ्यांना वाटूनही माझ्या पानात पुरेसा उरायचाच. बाई पुन्हा कर्जतला आली नाही. तिला येण्याचं कारणच राहिलं नव्हतं. आणि खालापूरच्या बाजूचं काम निघालं की मी ते दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारायची.

पण एकदा ते टळलं नाही. पुढच्याच पावसाळ्यात रस्ते आणि पूल बघणाऱ्या एका भगिनी संस्थेचे एक परदेशी पाहुणे सभेसाठी खंडाळ्याला जायचे होते. सोबत मी. जीप कुंभिवलीच्या पुढे आली आणि त्यांनी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. रस्त्याच्या कडेच्या खाचरात आवणी चालली होती. हिरवी रोपं, इरली, मागे डोंगरावरून उतरणारं पाणी. त्यांना फोटो हवा होता. ते रस्त्याच्या कडेला उभे राहून कॅमेरा जुळवू लागले. मी छत्री उघडून खाली उतरले.

बांधावर एक इरलं उपडं ठेवलं होतं आणि त्याच्याखाली फडक्यावर तान्हं मूल झोपलं होतं. पलीकडे एक रांगतं पोर. त्याच्या कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी बांधून तिचं दुसरं टोक झाडाला बांधलं होतं, खाचराच्या पाण्यात जाऊ नये म्हणून. ते पोर चिखलाचा गोळा तोंडात घालत होतं. मी पुढे होऊन त्याच्या तोंडातून तो काढला तर ते भोकाड पसरून रडायला लागलं.

रडणं ऐकून रांगेतली एक बाई ताठ झाली. ती बालवाडीची बाईच होती.

चिखल तुडवत ती बांधाशी आली. वाळली होती. मला ओळखलं आणि पहिल्यासारखी हसली, पण पदर धरायला हात चिखलाचे होते.

"ताई! मडम आल्या काय परत?" तिनं रस्त्याकडे मान उंच करून पाहिलं.

"नाही गं. हे दुसरे आहेत."

"मला वाटलं आल्या." मग घाईनं म्हणाली, "आल्या की आदल्या दिशी निरोप धाडा फकस्त. यंदा आमी सावड मोडू. सगळ्यांनी ठरवलंय. गेल्या खेपंला आमी उशिरा आलो म्हून बालवाडी गेली. वरीस झालं, ह्या बाया माझ्या नावानं बोटं मोडत्यात. म्हनत्यात, तू बारा कशाला सांगितलंस? सकाळचं का नाय सांगितलंस? माझी सासू तर बोलतच नाय माझ्याशी. बरोबर हाय त्यांचं. मीच चुकले ना."

मी छत्री मिटली. का मिटली, सांगता येत नाही. तिच्यासमोर कोरडं उभं राहवेना, एवढंच.

आणि तिला सांगितलं. वेळेचा काही संबंध नव्हता. तुम्ही यायच्या आधीच मी खुर्च्या भरल्या होत्या. कर्जतच्या बायका आणून. त्यांनी विचारलं तुम्ही कोण, तर मी म्हटलं, मजूर आहेत, पावसाला थांबल्यात. पावसाचं त्यांनी काही विचारलं नव्हतं.

ती ऐकत होती. मध्येच तिनं वाकून खाचराच्या पाण्यात हात बुडवले आणि बोटं एक एक करून धुतली. रडेल असं मला वाटलं, शिव्या देईल असंही वाटलं. शिव्या दिल्या असत्या तर मी तिचे उपकार मानले असते.

"हे मला सांगून काय उपेग?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "त्यांना सांगा."

आणि तिनं रांगेकडे हात केला.

रस्त्यावरून पाहुण्यांनी हाक मारली, निघू या का म्हणून. मी त्यांना हातानं सांगितलं, थांबा. मग बांधावर दोन पावलं पुढे गेले आणि बोलायला लागले. मी सभा पुष्कळ पाहिल्या होत्या, पण सभेत स्वतः कधी बोलले नव्हते. माझा आवाज मलाच ओळखू येईना. आवणी लावणाऱ्या बायका वाकून मागे मागे सरकत असतात. त्यामुळे माझ्याकडे सगळ्यांच्या पाठी होत्या, पाठींवर इरली. त्या इरल्यांना मी सगळं सांगितलं. बाईची चूक नव्हती, हे दोनदा सांगितलं. कुणी थांबलं नाही. हात जुडीतून रोपं काढत होते, चिखलात खोचत होते, आणि रांग एकेक पाऊल माझ्या बाजूला येत होती.

मी गप्प झाले तेव्हा मधली म्हातारी सरळ झाली. कमरेवर हात ठेवून वळली. मडमला चांगलं माणूस म्हणणारी तीच ती. बाईची सासू हीच, हे मला त्यानंतर कळलं.

"मंजी आमी उशिरा नव्हतो?"

"नाही," मी म्हटलं. "वेळेच्या आधी आला होतात तुम्ही."

तिनं सुनेकडे पाहिलं. वर्षभरानंतर तिच्याशी पहिल्यांदा बोलली असेल, ती एवढंच बोलली, "पोराला सोड गं जरा. पट्टी काचली असंल." बाई झाडाकडे गेली.

मग म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. रागानंही नाही, आणि माफ केल्यासारखंही नाही. रांग माझ्या पायांशी आली होती.

"ताई, सरका," ती म्हणाली. "आमाला बांधापातूर लावायचं हाय."